आपल्या कागदाविषयी

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची खंत आहे. प्रकृती बरी आहे. गुडघा अधूनमधून दुखतो, इतकेच. आज लिहीत आहे ते तुझ्याशिवाय कोणालाही सांगून कळणार नाही अशा एका गोष्टीसाठी.

समकालीन रेखाचित्रांच्या वार्षिक स्पर्धेत माझे चित्र अंतिम फेरीसाठी निवडले गेले असून त्या चित्रांचे प्रदर्शन परवा इथे सुरू झाले. ते चित्र म्हणजे 1986 सालचा आपलाच कागद आहे. ज्याच्या खालच्या भागात तू रूलिंग पेनने (पट्टीला लावून सारख्या जाडीची रेघ ओढायच्या शाईच्या पेनने) रेघा ओढल्या होत्यास आणि ज्यावर मी भांडणाच्या भरात कोळसा फासला होता, तोच. माळ्यावरच्या ट्रंकेत तो सापडला तेव्हा कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण तुझी एकही रेघ फिकी झालेली नव्हती. चार महिने मी त्यावर पेन्सिलीने काम केले आणि प्रवेशपत्रावर फक्त माझे नाव लिहिले.

तेव्हा मनाला काही टोचलेही नाही. उद्घाटनाच्या दिवशी मात्र एक परीक्षक बाई चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला नेमक्या तुझ्याच रेघा दाखवल्या. पेन उचलण्यापूर्वी तू क्षणभर थांबायचास, त्यामुळे प्रत्येक रेघेच्या उजव्या टोकाला खसखशीच्या दाण्याएवढा शाईचा ठिपका आहे. ‘हे थांबणे फार सुंदर आहे,’ असे त्या म्हणाल्या आणि मी त्यांचे आभार मानले. तेव्हापासून मला धड झोप लागलेली नाही.

आपला वाद आठवतो ना? चित्रकार नसरीन मोहमदी 1972 पासून आपल्या इथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकवत होत्या आणि आजाराने हातावरचा ताबा सुटत चालला असतानाही त्यांची रेघ ढळत नव्हती. मोजून ओढलेल्या रेघेतच माणूस अधिक दिसतो, असे तू म्हणायचास. पट्टी लावली की माणूस संपला, असे मी. शिवाय ‘चित्रकार बेंद्रे आमच्या इंदूरचे’ हे तुझे पालुपद होतेच, जणू 1950 साली ते इथे शिकवायला आले ते तुझ्याच शिफारशीने! पण रेघेच्या वादात तुझेच खरे होते, हे आज मान्य करतो.

ब्रिटनमध्ये 1994 साली सुरू झालेल्या, एके काळी जेरवुड आणि 2018 मध्ये ट्रिनिटी बॉय व्हार्फ हे नाव मिळालेल्या रेखाचित्र-पारितोषिकात कागदाबाहेरच्या कामांनाही जागा मिळत आली आहे. रेखाचित्राची व्याख्या अशी कितीही रुंदावली, तरी रेघ कोणाच्या हातची हा प्रश्न उरतोच, आणि इथे त्याचे उत्तर मला ठाऊक आहे.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे कळले, बरे वाटले. चिरंजीवांच्या नव्या नोकरीबद्दल अभिनंदन.

निकाल रविवारी आहे. त्याआधी, उद्या सकाळीच, आयोजकांना सर्व लेखी कळवणार आहे. त्यांनी चित्र स्पर्धेतून काढले तरी चालेल, पण ते भिंतीवर राहिले तर दोन नावांनीच राहील. तुझे नाव पूर्ण लिहायचे की आद्याक्षरांसह, तेवढे आज रात्री फोन करून सांग.

तुझा,
राजा