डोंगरावर स्लॅब चालतो, तंबू चालत नाही? : पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यातील स्थानिकांच्या तंबू-निवासांना आलेल्या नोटिशीबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकूर पाड्यावर महिला बचत गटाने स्वतःच्या माळावर बारा तंबूंची जागा उभी केली. शहरात ज्याला ग्लॅम्पिंग, म्हणजे सोयींसह तंबूतला मुक्काम, म्हणतात तीच. गेल्या हिवाळ्यात झालेल्या शिबिरात संबंधित कार्यालयाने सर्वांसमोर सांगितले होते की एकच अर्ज करा, सगळ्या परवानग्या तीस दिवसांत देऊ. अर्ज त्याच आठवड्यात दिला, पोच आहे, शिक्का आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, पावसाळाभर आले नाही. आता दिवाळीच्या सुट्टीतली आरक्षणे भरली, तेव्हा नोटीस आली : विनापरवाना बांधकाम सात दिवसांत काढून टाका.

कोणते बांधकाम? त्या माळावर एक वीट नाही. विचारायला गेलेल्या बायांच्या हातात एक फॉर्म ठेवला गेला. त्यात पायाची खोली, कॉलमचा छेद आणि स्लॅबची जाडी भरायची आहे. तंबूला स्लॅब नसतो म्हटल्यावर उत्तर मिळाले, मग आधी पक्के बांधा आणि नकाशा आणा. त्याच डोंगराच्या पायथ्याला पोहण्याच्या तलावांसह स्लॅबचे बंगले उभे आहेत. त्यांचे नकाशे मंजूर आहेत, कारण त्यांच्याकडे फॉर्ममध्ये भरायला स्लॅबची जाडी आहे.

आम्ही ठाण्यात राहणारे आणि या पट्ट्यात बांबू, पाणी व सांडपाण्याची कामे करणारे लोक आहोत. आमचे म्हणणे एकच आहे. डोंगरावरच्या निवासाला परवानगी देताना ते किती पक्के आहे हे तपासू नका. ते किती पाणी घेते, मैला कुठे सोडते आणि उद्या उचलले तर माळ पूर्ववत होतो का, हे तपासा. या तिन्ही प्रश्नांना तुमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

आधी जोत्याचे सांगतो, कारण नोटीस त्यावरच आहे. बारा बाय चौदा फुटांच्या तंबूला सोळा बाय वीस फुटांचा मचाण लागतो, जमिनीपासून दोन फूट वर, म्हणजे पावसाळ्याचे पाणी खालून वाहून जाते आणि उतार कापावा लागत नाही. उतार कापला की मुरूम सुटतो आणि पहिल्याच आषाढात दरड खालच्या शेतात येते. मचाणाला तीन इंची जीआय पाइपचे बारा पाय. मुरूम खोल असेल तिथे स्क्रूसारख्या आट्यांचे पाय चार-पाच फूट फिरवून उतरवायचे, आणि हातभर खाली कातळ लागला तर भोक पाडून सोळा मिलिमीटरची सळई फूटभर आत ग्राउटने, म्हणजे पातळ सिमेंटने, धरायची. वरचे सगळे नट-बोल्टवर. दोन माणसे पाने घेऊन बसली तर मचाण दोन दिवसांत उतरतो.

लोक तंबूच्या कापडावर पैसा घालतात आणि चूक नांगराशी, म्हणजे ताणदोर जमिनीत धरून ठेवणाऱ्या खुंटीशी, होते. मुंबई परिसरासाठी भारतीय मानकातला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो भरतो. बारा फूट लांब, आठ फूट उंच कनात म्हणजे नऊ चौरस मीटर, ढोबळमानाने एक टनाचा रेटा. एप्रिल-मेच्या वळवात हा रेटा अचानक येतो, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या वीतभर खुंट्या मुरमातून दातासारख्या निघतात. म्हणून तंबू धारेवर लावायचे नाहीत, वाळक्या फांद्यांखाली लावायचे नाहीत, आणि प्रत्येक ताणदोर स्वतंत्र नांगराला बांधायचा. हे तपासणारा एक तरी अधिकारी त्या माळावर आला असता तर आम्ही त्याचे आभार मानले असते. नोटीस मात्र टपालाने आली.

बांबूचेही तसेच. तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू तोडला, किंवा पाऊस संपायच्या आत तोडला, की त्यात साखर-पिठूळपणा राहतो आणि भुंगा शिरतो. सहा महिन्यांत खांबाखाली पिवळसर भुकटी दिसू लागते. तेव्हा उशीर झालेला असतो. उपाय महाग नाही. गाठींमधले पडदे सळईने फोडायचे, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाच टक्के द्रावणात आठवडाभर बुडवायचा, सावलीत वाळवायचा. हे मीठ पावसात धुऊन जाते, म्हणून बांबू मातीत गाडायचा नाही आणि वर तीन फुटांची पागोळी सोडायची. पाड्यावरच्या पोरांनी हे शिकून घेतले आहे. त्यांच्या हाताला काम द्यायचे सोडून फॉर्म त्यांना काँक्रीटच्या ठेकेदाराकडे पाठवतो.

कापड जूनच्या पहिल्या पावसाआधी उतरते आणि ऑक्टोबरात चढते. ओले घडी केले तर चार दिवसांत काळी बुरशी धरते, म्हणून कडक उन्हात वाळवल्याशिवाय उतरवायचेच नाही. चार महिने जागा बंद. शहरातल्या सल्लागारांना हा तोटा वाटतो. पाड्यावर त्याच महिन्यांत भाताची आवणी आणि नाचणी-वरीची कामे असतात, त्यामुळे धंदा शेतीच्या आड येत नाही आणि माळाचे गवत पुन्हा उगवते. ज्याला बारा महिने खोल्या भरायच्या आहेत त्यालाच स्लॅब लागतो.

आता पाणी. या विषयावर आमचा संयम संपला आहे. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही तिन्ही धरणे शहापूर तालुक्यात. मुंबई त्यावर जगते, आम्ही ठाणेकरही भातसाचे पाणी पितो, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मार्चनंतर टँकरची वाट पाहिली जाते. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. हॉटेलातल्या एका खाटेमागे मानक १८० लिटरचे आहे. चोवीस पाहुणे म्हणजे ४३२० लिटर, म्हणजे पाड्यावरच्या ७८ माणसांचे पाणी. हे पाणी बोअरने ओढले की खालचा झरा फाल्गुनातच आटतो, कारण इथल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पाणी फटींमध्ये असते. एका बोअरने ती फट रिकामी केली की दुसऱ्याच्या डवऱ्यात, म्हणजे पाण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात, ओल राहत नाही. बंगल्यांना परवानगी देताना हे कोणी मोजले?

या बायांनी मोजले. शॉवर नाही, तापवलेले बादलीभर पाणी, कोरडे शौचालय, माणशी ७० लिटर. दिवसाला १६८० लिटर, हंगामात भरलेल्या शंभर रात्री धरल्या तर १ लाख ६८ हजार. स्वयंपाक-जेवणाच्या शंभर चौरस मीटर पत्र्यावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, गळती-बाष्प वजा जाऊन दोन लाख लिटर हाती लागते. ते साठवायला फेरोसिमेंटच्या सात टाक्या, प्रत्येकी चार मीटर व्यास, दोन मीटर उंची, २५ हजार लिटर. कोंबडीजाळीच्या थरांवर दीड इंची गिलावा, दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली. पाणी मारण्यात कसर केली की बारीक चिरा पडतात आणि टाकी डिसेंबरातच निम्मी होते. उघडे शेततळे स्वस्त पडते, पण त्यातून दिवसाला चार-सहा मिलिमीटर उडून जाते आणि मे महिन्यात तळाशी चिखल उरतो. चार टाक्या बांधून झाल्या आहेत. तुमच्या नोटिशीत त्याही ‘अनधिकृत बांधकाम’ म्हणून मोजल्या आहेत. पावसाचे पाणी साठवणारी टाकी अनधिकृत!

मैल्याचे लिहायला संकोच नको, कारण डोंगरावरच्या पर्यटनाची सगळ्यात मोठी हानी तिथेच होते. मंजूर नकाशांवर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा दाखवलेला असतो. कातळात शोषखड्डा शोषत नाही. खड्डा भरतो, पावसाळ्यात वरून वाहतो आणि ते पाणी फटीतून उतरून खालच्या पाड्याच्या झऱ्याला लागते. मातीत विहिरीपासून अंतर ठेवले की भागते. फुटलेल्या कातळात सुरक्षित अंतर असे काही नसतेच. म्हणून कोरडे शौचालय. दोन कप्पे, एक वापरात तर दुसरा किमान सहा महिने बंद. प्रत्येक वापरानंतर मूठभर राख आणि भाताचा तूस. आपल्याकडे हे बिघडते ते एकाच कारणाने : धुण्याचे पाणी कप्प्यात गेले की दुर्गंध आणि अळ्या. त्यासाठी भांड्याला तीन वाटा हव्यात, मैल्याची, लघवीची आणि धुण्याच्या पाण्याची वेगळी. धुण्याचे आणि न्हाणीचे पाणी चाळीस चौरस मीटरच्या खडीच्या वाफ्यात जाते. दोन फूट खोल, खाली जाड प्लास्टिकचा कागद, मध्यम खडी, वर कर्दळ. पाणी खडीच्या आत राहिले पाहिजे, वर दिसले की डास झाले. स्वयंपाकघराचे पाणी आधी तेल-सापळ्यातून जायला हवे, नाहीतर वर्षभरात खडी तुपकट होऊन तुंबते. सापळा दर आठवड्याला हाताने साफ करावा लागतो. हे काम कोण करणार, हा प्रश्न परवानगीच्या पहिल्या पानावर असायला हवा.

वीज थोडक्यात. दिवे, पंखा आणि मोबाइल मिळून एका तंबूला रात्री अर्धा युनिट, फ्रीज-पंपासह बारा तंबूंना दिवसाला दहा युनिट. तीन किलोवॉटचे सौर पॅनेल पुरतात. प्रत्येक तंबूत एसी लावला तर आठ तासांत आणखी ९६ युनिट लागतात, आणि मग कितीही पॅनेल दाखवली तरी मागे डिझेलचा जनरेटर असतोच. दिवे खाली तोंड केलेले आणि पिवळे. मेअखेर काजवे येतात तेव्हा तेही बंद. तंबूत कोळशाची शेगडी कधीही नाही, बंद कापडात तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने माणूस झोपेतच मरतो. वणव्यासाठी भोवती तीन मीटरची जाळरेषा, जानेवारीतच काढलेली.

हे सगळे पाड्यावरच्या माणसाला जमते. पैसा जमत नाही. आदिवासी जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंधने आहेत आणि ती हवीतच. वनहक्काचा पट्टा वारसाने मिळतो, विकता येत नाही. पण बँक तारण मागते, तारण नाही म्हणून कर्ज नाही, आणि मग बाहेरचा पैसेवाला येतो. सातबारा स्थानिकाच्या नावाने ठेवतो, हिशेब स्वतःकडे ठेवतो, आणि मालक आपल्याच जमिनीवर पहारेकरी होतो. कायद्याने जमीन राखली, सरकारने माणूस वाऱ्यावर सोडला.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि शहापूरच्या डोंगरात दलालांच्या गाड्या वाढल्या. २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार जाहीर झाले. त्यातले किती पाड्यावर, ते सांगा. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला. मसुद्यामागून मसुदे निघतात आणि तोवर जेसीबी चालू असतो. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून ग्रामसभा घेता येते असे नियमच म्हणतात. मग या पाड्याच्या ग्रामसभेने एकमताने केलेला ठराव त्या फाइलमध्ये का लावला गेला नाही? धरण बांधताना, महामार्ग आखताना डोंगर लागतो, डोंगरातला माणूस मत मांडू लागला की त्याला कागद कमी पडतो. हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत आणि आता गप्प बसणार नाही.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला स्वातंत्र्यसैनिक वीर भाई कोतवाल धारातीर्थी पडले. दरवर्षी तिथे अभिवादनाला लोक जमतात. या जानेवारीत आपण आलात तर त्याच तालुक्यातल्या या माळावरही या. टाक्यांची झाकणे उघडून पाहा, शौचालयाचा बंद कप्पा उघडून वास घ्या, खडीच्या वाफ्यातून बाहेर पडणारे पाणी बाटलीत भरून तपासायला न्या. नंतर पायथ्याच्या बंगल्यांचे शोषखड्डेही तसेच उघडायला लावा.

तोपर्यंत नोटिशीला लेखी स्थगिती द्या. उतरवता येणाऱ्या तंबू-निवासासाठी वेगळा अर्ज काढा, ज्यात पाण्याचा स्रोत व रोजची गरज, मैल्याची व्यवस्था, नांगरांची चाचणी आणि ग्रामसभेचा ठराव एवढे मागितलेले असेल, आणि तीस दिवसांत निर्णय न दिल्यास कारण लिहून देण्याची सक्ती कार्यालयावर असेल. बचत गटांना तारणाशिवाय कर्ज मिळेल अशी हमी शासनाने घ्यावी. नोटिशीची मुदत येत्या शुक्रवारी संपते. त्याआधी उत्तर हवे आहे.

आपले,
मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यात काम करणारे नागरिक,
ठाणे