मशीन बसलं, वेटरला कोण शिकवणार?

महोदय,

टेबलावरचे क्यूआर कोड आणि ऑर्डर घेणारे टचस्क्रीन आता ठाणे-पुण्यातल्या हॉटेलांत नवलाईचे राहिलेले नाहीत. गल्ल्यावर पैसे भरून कुपन घ्यायचं आणि काउंटरवरून डिश उचलायची, ही सेल्फ सर्व्हिस तर आपल्याकडे जुनीच. मी एका शाकाहारी हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा म्होरक्या आहे. शनिवारी रात्री दाराबाहेर रांग लागली की ऑर्डरी घेण्याचा भार हलका झालेला मलाही हवाच असतो. तक्रार वेगळीच आहे. कंपनीचा माणूस आला, मशीन जोडलं, मॅनेजरला पासवर्ड दिला आणि गेला. पोरांना शिकवण्याच्या नावाने शून्य.

मग होतं असं, की गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे जातात, पण किचनमध्ये केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, निघत नाही. मोबाइल नाचवत ते वेटरवर डाफरतं. वेटरकडे ना पासवर्ड, ना परस्पर डिश द्यायची मुभा. 'थांबा, मॅनेजरला विचारतो' एवढंच तो म्हणू शकतो. व्यापाऱ्याला न मिळालेले यूपीआयचे पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत जमा व्हायला हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. तो वेटरला कुणी सांगितला असता, तर बरीच भांडणं टेबलावरच मिटली असती. 'कांदा-लसूण नको, तिखट बेताचं' हे स्क्रीनवर कुठे टाकायचं, तेही आजी-आजोबांना आम्हीच दाखवतो, स्वतः चाचपडत.

जपानमध्ये 2015 साली सुरू झालेल्या 'हेन ना' हॉटेलात स्वागतालाही रोबो होते. 2019 पर्यंत त्यांतले निम्म्याहून जास्त काढावे लागले, कारण ते निस्तरण्यातच माणसांचं काम वाढलं होतं.

अन्नसुरक्षेसाठी दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असं एफएसएसएआय ही केंद्राची अन्नसुरक्षा संस्था सांगते. त्याच धर्तीवर प्रत्येक पाळीत निदान एकाला मशीन नीट शिकवा आणि ऑर्डर दुरुस्त करण्याचा अधिकारही द्या. शिकवणी पगारी वेळेत हवी. दुपारच्या ब्रेकमध्ये उरकू नका, तीच काय ती आमची झोप.

आणि टिपचं काय? बडीशेपेच्या बशीत बिल जायचं, तेव्हा दहा-वीस रुपये मागे राहायचे. आता गिऱ्हाईक स्क्रीनवर पैसे भरून उठतं. त्या बदल्यात पगारात किती वाढ धरली आहे, हे मशीन बसवण्याआधीच सांगायला हवं. आमच्याकडे तो विषय अजून कुणी काढलेला नाही.

– एक कॅप्टन, ठाणे