पुलांची तपासणी पायापासून व्हावी

संपादक महोदय,

पूर ओसरला की आपल्या जिल्ह्यात पंचनाम्यांची लगबग सुरू होते. घरे, पिके, जनावरे, दुकाने या सगळ्यांची नोंद होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच पुराने आठ-आठ दिवस ज्यांच्या पायाशी धडका दिल्या, त्या पुलांची पाहणी मात्र मी पाहिले त्यात बहुतेक वेळा वरून चालत जाऊनच आटोपली आहे. रस्त्याला भेग नाही, कठडा जागेवर आहे, पाणी उतरले आहे, एवढे पाहून वाहतूक सुरू होते. सारी नोकरी बांधकामावर गेलेला माणूस म्हणून मला याची मनापासून काळजी वाटते.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. एवढे पाणी खांबांना वळसा घालून धावते, तेव्हा खांबाच्या पुढच्या अंगाला भोवरा तयार होऊन तळाची माती, वाळू आणि मुरूम उकरला जातो. फसगत होते ती यापुढे. पूर उतरू लागला की पाण्याचा वेग मंदावतो आणि पडलेल्या खड्ड्यात सैल गाळ भरून तळ पुन्हा सपाट दिसू लागतो. त्यामुळे ऐन पुरात पाया किती उघडा पडला होता, हे नंतर काठावरून पाहणाऱ्याला कळतच नाही, आणि पुढच्या पुरात तो सैल गाळ सर्वांत आधी वाहून जातो.

आमच्या गावाजवळच्या ओढ्यावरील पुलाखाली मी मागे एका मे महिन्यात उतरलो होतो. तळ अंगणासारखा सपाट होता. दुसऱ्या खांबाला लागून पहार टेकवली, तर ती फारसा जोर न लावता हातभर आत गेली. तिसऱ्या खांबाजवळ तीच पहार चार बोटांवर खणकन मुरमाला लागली. वर दगडी बांधकामाच्या सांध्यात पिंपळ रुजला होता आणि त्याच्या मुळाने एक चिरा बोटभर पुढे ढकलला होता. मी संबंधित कार्यालयाला लेखी कळवले. पुलाची पाहणी झाली असून तो वाहतुकीस योग्य आहे, असे दोन ओळींचे उत्तर आले. पाहणी कोणत्या तारखेला झाली, कोणी खाली उतरले का, याचा त्यात उल्लेख नव्हता.

महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह कितीतरी माणसे वाहून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती, असे तेव्हा सरकारकडूनच सांगण्यात आले. पाहणी कागदावर झाली म्हणजे पूल तपासला गेला, असे म्हणता येणार नाही. रस्ते आणि पुलांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत नेहमीची, सविस्तर आणि विशेष असे तपासणीचे प्रकार दिलेले आहेत, आणि मोठ्या पुरासारख्या घटनेनंतर विशेष तपासणी अपेक्षित आहे. नियमांची उणीव नाही. पहार घेऊन पाण्यात उतरण्याची आणि जिथे पाणी आटत नाही तिथे पाणबुड्या उतरवण्याची तयारी हवी.

पुलाच्या वरच्या अंगालाही एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. खड्डे पडले की जुना थर न काढता त्यावरच नवे डांबर टाकले जाते. पाच सेंटीमीटर जाडीच्या डांबरी थराचे वजन दर चौरस मीटरला शंभर किलोहून अधिक भरते. म्हणजे साठ मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद पुलावर एकेका थराबरोबर पंचेचाळीस टनांपेक्षा जास्त बोजा कायमचा चढतो. शिवाय निचऱ्याची भोके बुजतात, पाणी सांध्यांतून खाली बेअरिंगवर (खांब आणि वरचा पूल यांच्यामधल्या आधारावर) आणि सळईपर्यंत झिरपते, आणि कठडा तेवढ्याच मापाने ठेंगणा होतो. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलाचा कठडा तोडून मिनीबस पंचगंगेत कोसळली आणि तेरा जणांचे प्राण गेले. कठड्याची उंची आणि मजबुती हाही तपासणीचाच भाग आहे, हे निदान कोल्हापूरकरांना तरी वेगळे सांगावे लागू नये. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर याच जुन्या, अरुंद पुलांवरून रात्रभर एकामागून एक जात असतात.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. धोका पातळी ओलांडणारा पूर येऊन गेला की त्या पाण्यात उभ्या असलेल्या प्रत्येक पुलाचा पाया खांबागणिक पहारीने किंवा पाणबुड्याकडून तपासावा, आणि काँक्रीट हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते पाहावे. शंका आली तरच पुढची यंत्रे आणावीत. पुलाच्या दोन्ही टोकांना फलक लावून त्यावर शेवटच्या तपासणीची तारीख, तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, पाया पाहिला की नाही आणि वजनाची मर्यादा एवढे लिहावे. अहवाल ग्रामपंचायतीत कोणालाही वाचता यावा. मार्च ते मे या काळात नद्या आणि ओढे सर्वांत उथळ असतात, तेव्हा या कामाला वेळही मिळतो.

आमच्या ओढ्यावरच्या पुलाची अशी तपासणी ठरली, तर जागा दाखवायला मी स्वतः खाली उतरेन. सुरुवात दुसऱ्या खांबापासून करावी.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
करवीर तालुका, जि. कोल्हापूर