पहिला धडा मी गाळलाय

अम्मान, जॉर्डन

प्रिय वंदना,

सप्रेम नमस्कार. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. स्वयंसेवकांची नवी बॅच आली आणि माझी अरबीची शिकवणी पुन्हा सुरू झाली.

ही मंडळी इथून झातरीच्या छावणीत कामाला जातात. जुलै २०१२ मध्ये उघडलेली सीरियन निर्वासितांची छावणी. सीरियाची सरहद्द जवळच, बहुतेक माणसं पलीकडच्या दरा भागातली. त्यामुळे पुस्तकी अरबी मी बाजूलाच ठेवते. चपला वाटताना ती बोलणं म्हणजे भाजीवालीशी कीर्तनकाराच्या थाटात घासाघीस करणं. सीरियाची बोलीच शिकवते.

खरा घोळ वेगळाय. कुठलंही पुस्तक घे, पहिला धडा ठरलेला: गाव कोणतं, वडील काय करतात, भावंडं किती. छावणीत यातला एकेक प्रश्न जिव्हारी लागू शकतो. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. उम्म खालिद, म्हणजे खालिदची आई. आणि खालिदच राहिला नसेल तर? म्हणून तो धडा सरळ गाळलाय. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये असद सरकार पडल्यापासून बरेच जण परत गेले, तेव्हापासून ‘तुम्ही कधी जाणार?’ हा प्रश्न माझ्या या स्वयंसेवक पोरांच्या ओठांवर असतो. घराच्या भिंती तरी उभ्या आहेत का, हेच ज्याला ठाऊक नाही तो काय सांगणार? तोही बंद केला.

मग शिकवते काय? वार, चपलांचे नंबर, दुखण्याच्या जागा. मी आजीबाई होऊन खुर्चीत बसते, त्यांनी मला मापाची चप्पल द्यायची. नको असेल तर मी फक्त भुवया उंचावते आणि ‘च्च’ करते. तिकडचा नकार असाच. अमेरिकन पोरांना वाटतं आजीला ऐकू आलं नाही, की लागले मोठ्याने ओरडायला! आकड्यांत तर ती रडकुंडीला येतात. पंचवीस म्हणताना आधी पाच, मग वीस, आणि लिहिलेला पाच दिसतो आपल्या शून्यासारखा. पहिलं आपल्याला सोपं, दुसऱ्याने मलाही सुरुवातीला छळलं होतं.

आता तुझ्याकडे एक काम. तुझ्या नर्सिंगच्या पोरींना पेशंटला दुखणं कसं विचारायला शिकवतेस? ठणकतंय का, सणक येते का, रात्री जास्त होतं का, अशी यादी करून पाठव. मराठीतच पाठव, बोलीत बसवायचं माझं मी बघते. पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या गटाचे वर्ग सुरू होतायत, तेव्हा जरा लवकर.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मीरा