आशाताई, आभार मानायचे राहिले होते

आशाताई,

आशा कार्यकर्ती म्हणून बाळाच्या पंधराव्या महिन्यानंतर आमच्या घरी तुमची ठरलेली भेट नव्हती. "अंगावरचं दूध कधी तोडू?" एवढंच मी फोनवर विचारलं होतं, तर तुम्ही सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात पदर डोक्यावर घेऊन दारात हजर.

बाळ्या तेव्हा दीड वर्षाचा. सासूबाई म्हणायच्या, आता दुधात काय राहिलंय, नुसतं पाणी. छातीला कडू कोरफड लाव, दोन दिवस रडेल आणि विसरेल. मोबाईलवर बघावं तर दोन वर्षांआधी सोडणारी आई म्हणजे वैरीणच. (असं म्हणणाऱ्या बायकांना एकदा माझ्यासारखं युनिफॉर्मच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर बसवायला पाहिजे.)

तुम्ही तारीख सांगितलीच नाही. आधी विचारलंत, तो दिवसभरात खातो काय? मग, तुझी झोप होते का?

सासूबाईंशी बोललात ते तर मी कधीच विसरणार नाही. "मावशी, पाणी कसलं? वर्षानंतरही लेकराला लागणाऱ्या ताकदीचा तिसरा हिस्सा आईच्या दुधातून मिळू शकतो. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते. उन्हाळ्यात जुलाब लागले, लेकरू काही खाईना, तर हेच कामाला येतं." त्यांचा मान राखून बोललात, म्हणून त्यांनी ऐकलं. मी तेच सांगितलं असतं तर भांडण झालं असतं!

मलाही सोडलं नाहीत. नुसत्या दुधावर आता भागत नाही, त्यात लोह कमी. रात्रभर पितोय म्हणून सकाळी भाकरीला तोंड लावत नाही, म्हणालात. अगदी तसंच होतं. मग तुमच्या सांगण्यावरून आधी दुपारचं सोडवलं. तो मागायच्या आतच डाळीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याचा बारीक कूट. पुढं हळूहळू पहाटेचं. एकदम तोडलं असतं तर छातीत गाठी धरल्या असत्या, हे कोरफड सुचवणाऱ्या कुणीच सांगितलं नव्हतं.

आता त्याला दोन वर्षं उलटली. झोपताना एकदा पितो अजून. शेजारच्या काकू हसतात, हसू देत. मला त्रास नाही, तो पोटभर जेवतो, म्हणून मी घाई करत नाहीये. उद्या मला जड वाटलं तर थांबवीन, तेही तुम्हीच सांगून ठेवलंय.

संक्रांतीला शेंगापोळ्या करणार आहे. गड्ड्याच्या जत्रेला जाताना घरी या, सासूबाईंनीही बोलावलंय.

तुमची,
बाळ्याची आई