समुद्रपक्ष्यांच्या नादाला लावणाऱ्या ताईला

ताई, मेसेजवर थँक्यू म्हणून झालंय पण ते दोन ओळींत उरकलं, म्हणून आता सगळ्यांसमोर सविस्तर.

झूलॉजीला असताना समुद्रपक्ष्यांवर काम करायचंय म्हटलं की लोक एकतर सीगल का असं विचारायचे नाहीतर त्यात करिअर काय असं. कितीतरी जणांना मेल टाकले, उत्तर तुमचंच आलं आणि त्यातही ऑल द बेस्ट वगैरे काही नाही, सरळ तीन प्रश्न. रात्री जागता येतं का, बोट लागते का, अक्षर कसं आहे. तिसरा मला तेव्हा जोक वाटला.

शिअरवॉटर (जमिनीतल्या बिळात घरटं करणारा समुद्रपक्षी) हातात घ्यायला मिळेल म्हणून मी उड्या मारत आले आणि तुम्ही हातात दिली नोंदवही आणि पेन्सिल (शाई ओल्यात पसरते). अमावस्येच्या आसपासची रात्र, कारण चांदणं असलं की सीगल टिपतात म्हणून हे पक्षी काळोखातच बिळाकडे येतात, डोक्याला लाल टॉर्च, तुम्ही जमिनीवर पालथ्या पडून खांद्यापर्यंत हात बिळात घातलेला आणि आतून तो चावतोय, तरी आवाज न चढवता मला आकडे सांगताय. पिशवीसकट वजन, मग नुसत्या पिशवीचं, मग पंख. पायातल्या रिंगचा नंबर मात्र माझ्याकडून परत वाचून घ्यायचा म्हणजे घ्यायचाच.

बिळाशी त्यांच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवलं आणि आतून उत्तर नाही आलं तर मी 'रिकामं' लिहायला निघाले होते, तुम्ही म्हणालात, 'उत्तर नाही' एवढंच लिही, घरात असलेला प्रत्येक पक्षी ओ देतोच असं नाही. किती टक्के देतात ते आधी तपासायचं, मग त्या हिशोबाने संख्या काढायची. हे मला पुस्तकातून इतकं नीट कधीच कळलं नसतं.

आणि ती विज्डमची गोष्ट! १९५६ मध्ये मिडवे बेटावर चँडलर रॉबिन्स यांनी त्या लेसन अल्बट्रॉस जातीच्या समुद्रपक्षिणीला रिंग घातली, २००२ मध्ये ती परत त्यांच्याच हाती लागली, पण ती तीच हे कळलं जुन्या नोंदी मागे मागे तपासत गेल्यावर. २०२४ मध्येही तिने अंडं घातलं. तेव्हा कुठे अक्षराचा प्रश्न डोक्यात शिरला माझ्या.

अजून एक, जे तुम्हाला आठवतही नसेल. लॉगर, म्हणजे पक्ष्याच्या अंगावर लावायचा नोंदी ठेवणारा छोटा टॅग, तयार होता, पक्षी हातात होता, पण वजन कमी भरलं. टॅग वजनाच्या ३ टक्क्यांच्या वर नको, म्हणजे ४०० ग्रॅमला जास्तीत जास्त १२, आणि आपण थोडंसंच वर जात होतो. कोणी बघत नव्हतं. तुम्ही सोडून दिलात त्याला आणि मुकाट पुढच्या बिळाकडे गेलात.

तुमच्या शिफारसपत्रात 'हिला बोट लागते पण काम थांबत नाही' असं होतं म्हणे, इंटरव्ह्यूला त्यांनी तेच वाक्य वाचून दाखवलं आणि हसले, पण घेतलं मला! या सीझनला जातेय. तिथे बिळात हाताऐवजी कॅमेरा घालतात, तुम्ही वापरलाय का कधी? जमलं तर फोन करा, शुक्रवारपर्यंत रेंजमध्ये आहे.