उकड्या तांदळाच्या चित्राखाली सही करणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

जाहीर कौतुक तुम्हाला रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहितेय. परवा शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निघताना विचारलं, "या पोरांना बघायला कोणी शिकवलं?" मी तुमचं नाव घेतलं, आणि पुढचं वाक्य गळ्यातच राहिलं. ते इथे पुरं करते.

पण आधी काय काय झालं, तेही सांगायलाच हवं. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, अशी तरतूद त्यात आली, आणि एकाएकी सगळ्यांना फॉरेन्सिकचे विद्यार्थी हवेसे झाले. मुलं आली, फी आली, फलक लागले. मायक्रोस्कोप मात्र कुलपात. का, तर मुलांच्या हातून लेन्स खराब होतील! गोव्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सचं काय होतं, हे इथल्या कुठल्याही फोटोग्राफरला विचारा. हात न लावताच बुरशीने त्या खाल्ल्या. मग मोठं मानधन देऊन एक पाहुणे बोलावले. त्यांनी दुपारभर पडद्यावर केसांचे आणि धाग्यांचे सुंदर फोटो दाखवले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, हार-तुरे झाले. त्या दिवशी एकाही मुलाने नळीला डोळा लावला नाही. मी तक्रार केली, तर उत्तर मिळालं, "मॅडम, परीक्षेत आकृत्याच तर काढायच्या असतात."

तुम्ही आलात ते एका ओळखीच्याने सुचवलं म्हणून. उभा जन्म डिचोलीकडच्या खाणीवर भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून गेलेला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हापासून घरी. खरं सांगते, माझ्या मनात शंका होती. खाणीवरचा माणूस गुन्ह्यांचं काय शिकवणार? पहिल्याच शनिवारी तुम्ही मुलांना स्वतःच्या चपलांच्या तळाची माती खरवडायला लावलीत. साखळीच्या मुलाच्या स्लाईडवर खालून प्रकाश टाकला की काळे ठिपके, वरून टाकला की तेच तांबडे. हेमॅटाईट, म्हणजे लोखंडाचं खनिज. मिरामारजवळ राहणाऱ्या मुलीच्या चपलेत क्वार्ट्‌झचे स्वच्छ कण आणि शिंपल्यांचा चुरा. "आता सांगा, कोण कुठून आलं?" एवढंच विचारलंत. फ्रेंच गुन्हेतज्ज्ञ एडमंड लोकार्डचं तत्त्व, की प्रत्येक स्पर्शात काहीतरी देवाणघेवाण होते, मी पाठ करून घेतलं होतं. मुलांना ते कळलं त्या दिवशी.

बेके रेषाही तशीच शिकवलीत. फोकस वर नेला की कणाच्या कडेची उजळ रेषा जास्त अपवर्तनांकाच्या, म्हणजे प्रकाश जास्त वाकवणाऱ्या पदार्थाच्या बाजूला सरकते. काचेचा तुकडा आधी पाण्यात ठेवून दाखवलात, मग तेलात, आणि मुलं "सरकली, सरकली" म्हणून ओरडली. लेन्सना बुरशी लागू नये म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवायची तुमची युक्तीही आता रुळली आहे. पण हे सगळं बाजूला ठेवते, कारण मला लिहायचं आहे ते उकड्या तांदळाबद्दल.

घरच्या डब्यातलं चिमूटभर पीठ आणा, असं तुम्ही सांगितलं होतं. दोन पोलरायझर, म्हणजे प्रकाशाची एकाच दिशेची कंपनं पुढे सोडणाऱ्या काचा, आडवे-उभे केले की सगळीकडे काळोख होतो आणि स्टार्चचा एकेक कण उजळून दिसतो, प्रत्येकावर एक काळी फुली. बटाट्यात दिसली, नाचणीत दिसली, सुरय म्हणजे न उकडलेल्या तांदळात बारीक पण दिसली. पेडण्याच्या त्या अबोल मुलीने उकडे तांदूळ कुटून आणले होते. तिला फुली दिसेना. स्लाईड पुसली, पुन्हा केली, नाहीच. शेजारणीच्या वहीत फुल्याच फुल्या. तिची पेन्सिल कागदावर टेकलेली, आणि मला दिसत होतं की ती आता खोटी फुली काढणार. आमच्याकडे पुस्तकासारखं चित्र नसलं की वही लाल होऊन परत येते, हे ती दोन वर्षं शिकली होती.

तुम्ही तिच्या जागेवर बसलात. बराच वेळ बघितलंत, स्लाईड इकडून तिकडे सरकवलीत. मग खिशातलं पेन काढून तिच्या रिकाम्या वर्तुळाखाली लिहिलंत: "उकडे तांदूळ. फुली दिसत नाही. दिसलं तेच काढलं आहे." खाली सही, तारीख.

कारण तुम्ही नंतर सांगितलंत. भात उकडताना स्टार्चच्या कणांची आतली शिस्तीची मांडणी मोडते, म्हणून फुली जाते. फार सुंदर कारण आहे. पण सही आधी केलीत, कारण मागून दिलंत, हे मी विसरू शकत नाही. कारण सापडलं नसतं तरी ती सही राहिलीच असती.

सर, या विषयात याहून मोठं काही शिकवता येतं का? अमेरिकेत एफबीआयने केसांच्या सूक्ष्म तपासणीच्या जुन्या साक्षी पुन्हा चाळल्या. २०१५ मध्ये जाहीर झालं की आरोपीविरुद्ध वापरलेल्या २६८ साक्षींपैकी २५७ सदोष होत्या. केस सारखा दिसतो, एवढंच मायक्रोस्कोप सांगतो. "हा याचाच" हे तज्ज्ञांनी पदरचं घातलेलं. त्यांच्याही वह्यांत कोणी लहानपणी फुल्या काढून घेतल्या असतील का, असं मनात येतं.

ती मुलगी आता वर्गात हात वर करते. परवा परीक्षकांनी मुद्दाम गोंधळात टाकायला एक धागा दिला, तर शांतपणे म्हणाली, "सर, हा सुती नाही एवढं सांगते, पीळ दिसत नाही. काय आहे ते या स्लाईडवरून सांगता येणार नाही." मी दाराशी उभी होते.

चांगुलपणाबद्दल भाषणं खूप ऐकते. हार-तुऱ्यांच्या कार्यक्रमांत तर फारच. तुम्ही त्यावर चकार शब्द काढला नाहीत, आणि मानधनाचा फॉर्मही अजून कोराच आहे. निदान बसभाडं तरी घ्या हो, ऑफिसवाले मलाच विचारतात.

पुढच्या सत्रात डायाटमचं, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाचं प्रात्यक्षिक आहे, बुडून झालेल्या मृत्यूंच्या तपासासाठी. मांडवीचं पाणी आणि गावच्या विहिरीचं पाणी, दोन्ही बाटल्या भरून ठेवणार आहे. "हे माझं क्षेत्र नव्हे, मी मागे बसून ऐकेन" असं म्हणाला होतात. जरूर या. पण खरंच मागे बसा. पहिल्या बाकावर तुम्ही असलात तर मला शिकवता यायचं नाही.

तुमची ऋणी,
फॉरेन्सिकच्या मॅडम